तंबूत नीट बसता आलं पाहिजे

तंबू घ्यायचा म्हणून तुम्ही ऑनलाइन दुकानं चाळायला लागलात, की पहिला आकडा दिसतो तो वजनाचा. दीड किलो, सव्वा किलो, नऊशे ग्रॅम. जागेचा आकडा खाली कुठेतरी शोधावा लागतो आणि सापडला तरी त्याच्यावर फारसा विश्वास ठेवता येत नाही. 'चार माणसांचा' म्हणून विकल्या जाणाऱ्या तंबूत चौथा माणूस मावतो तो मुंबईच्या लोकलमध्ये चौथ्या सीटवरचा माणूस मावतो तसा.

मी मिनिआपोलिसमध्ये सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. इथून उत्तरेला चारेक तास गाडी चालवली की कॅनडाच्या सीमेला लागून 'बाउंड्री वॉटर्स' नावाचं अभयारण्य सुरू होतं. दहा लाख एकरांहून मोठं जंगल, त्यात हजाराहून जास्त तळी. बहुतेक भागात मोटारबोटीला बंदी. कनू, म्हणजे लांबट, हलकी, वल्ह्याने चालवायची होडी, घेऊन तुम्ही एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जाता. दोन तळ्यांच्या मधे जमीन असते, तिथे कनू डोक्यावर आणि सामान पाठीवर घेऊन चालत जायचं. या वाटेला 'पोर्टेज' म्हणतात. येत्या जुलैमध्ये आई-बाबा पुण्याहून येणार आहेत, आणि बाबांनी फोनवर जाहीर केलंय की त्यांना कनूतून जायचंय आणि जंगलात राहायचंय. बाबा चौसष्ट वर्षांचे आहेत. मांडी घालून बसले की उठताना त्यांना हात द्यावा लागतो.

त्यामुळे माझा प्रश्न अगदी साधा होता: तिघांसाठी केवढा तंबू घ्यावा? त्याचं उत्तर शोधता शोधता मी दोन-तीनशे वर्षं मागे गेलो. कारण या प्रश्नावर माणसं तेव्हापासून वेगवेगळी उत्तरं देत आली आहेत, आणि प्रत्येक उत्तरात 'या जंगलात कोणी यावं' हेही दडलेलं आहे.

झाडाची साल आणि उलटी होडी

या तळ्यांच्या प्रदेशात युरोपियन येण्याआधीपासून प्रशस्त तंबू वापरत ते इथले अनिशिनाबे लोक. इंग्रज त्यांना चिपेवा किंवा ओजिब्वे म्हणत. त्यांचं घर म्हणजे विगवॉम. कोवळी झाडं जमिनीत रोवून, वाकवून, वर बांधून घुमटासारखा सांगाडा करायचा आणि त्यावर बर्च झाडाच्या सालीचे शिवलेले लांब पट्टे पांघरायचे. मुक्काम हलवायचा झाला की पट्टे गुंडाळायचे आणि कनूत ठेवायचे. सांगाडा तिथेच उभा राहायचा. वसंतात मेपलच्या रसाची साखर करायची जागा ठरलेली, उन्हाळ्याच्या अखेरीस जंगली भात झोडायची जागा ठरलेली. पुढच्या वर्षी परत आलं की सांगाड्यावर पट्टे टाकले, घर तयार. फ्रान्सिस डेन्समोर या संशोधिकेने १९२९ साली छापलेल्या 'चिपेवा कस्टम्स' या पुस्तकात या घरांची तपशीलवार नोंद आहे.

इंजिनिअरच्या नजरेने बघितलं तर ही युक्ती फार देखणी आहे. तंबूचा जड आणि अडचणीचा भाग म्हणजे खांब. तो वाहायचाच नाही. वाहायचं ते फक्त पांघरूण. आणि घर असं की आत चूल पेटते, म्हातारी माणसं बसतात, मुलं रांगतात. प्रवास हा वीरांचा उद्योग नव्हता, सगळं कुटुंब जात होतं. म्हणून घरही कुटुंबाच्या मापाचं होतं.

मग फरच्या व्यापारासाठी युरोपियन कंपन्या आल्या. मॉन्ट्रिअलहून निघणाऱ्या त्यांच्या मोठ्या कनू ३६ फुटांपर्यंत लांब असत. वल्ही मारणारे बहुतेक फ्रेंच-कॅनेडियन मजूर, त्यांना व्हॉयेजर म्हणत. सामानाचा एक गठ्ठा ९० पौंडांचा, म्हणजे ४१ किलोंचा, आणि पोर्टेजवर एका खेपेला असे दोन गठ्ठे पाठीवर घेण्याची रीत. रात्री हे लोक झोपत कुठे? उलट्या केलेल्या कनूखाली, वरून एखादी ताडपत्री ओढून. कंपनीच्या भागीदारासाठी मात्र तंबू उभा राहायचा.

सुपीरिअर सरोवराच्या काठावर ग्रँड पोर्टेज नावाची जागा आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी तिथे दर उन्हाळ्यात नॉर्थ वेस्ट कंपनीचा मोठा मेळा भरे. मॉन्ट्रिअलहून माल घेऊन आलेले मजूर कनूखाली झोपत, आणि उत्तरेच्या जंगलात हिवाळा काढून आलेले मजूर तंबूत. दोघेही वल्हीच मारत, पण तंबूवरून कोण कुठल्या पायरीवर आहे ते कळायचं. आपल्याकडेही पाल, राहुटी, डेरा, शामियाना हे शब्द नुसते आकाराचे नाहीत. आत कोण बसलंय तेही ते शब्द सांगून टाकतात.

सव्वीस पौंडांचा माणूस

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या शहरी माणसाला जंगलात जाऊन राहण्याची हौस लागली. १८६९ मध्ये विल्यम मरे नावाच्या धर्मोपदेशकाचं न्यूयॉर्क राज्यातल्या ॲडिरॉन्डॅक डोंगरांवरचं पुस्तक आलं, आणि ते वाचून इतकी माणसं तिकडे धावली की त्यांना 'मरेचे मूर्ख' असं नाव पडलं. ही मंडळी सोबत वाटाडे घेत, आणि ओझं वाटाडे वाहत.

याच्या अगदी उलट होता जॉर्ज वॉशिंग्टन सीअर्स. 'नेसमक' या टोपणनावाने लिहायचा. पेशाने चांभार, उंची जेमतेम सव्वापाच फूट, अंगाने किरकोळ आणि छातीचा आजार जडलेला. वाटाड्याचे पैसे देणं परवडणारं नव्हतं आणि जड होडी उचलणं झेपणारं नव्हतं. त्याने जे. हेन्री रश्टन या कारागिराकडून हलक्यात हलक्या कनू करून घेतल्या. १८८३ मध्ये, साठी ओलांडल्यावर, तो ज्या कनूतून ॲडिरॉन्डॅकमध्ये २६६ मैल फिरला तिचं नाव 'सेरी गँप'. लांबी ९ फूट, वजन साडेदहा पौंड, म्हणजे पावणेपाच किलो. माझ्या ऑफिसच्या बॅगेहून फार जास्त नाही. कनू, कपडे, पांघरूण, दोन दिवसांचा शिधा आणि छोटी कुऱ्हाड धरून त्याचं सगळं ओझं २६ पौंडांच्या आत बसायचं. यात तंबू नाही. पाऊस आला की सालीचा किंवा फांद्यांचा आडोसा, नाहीतर तात्पुरतं उतरतं छप्पर.

१८८४ च्या त्याच्या 'वुडक्राफ्ट' या पुस्तकातून एक विचार घरोघर गेला: कमी न्या, हलकं न्या. आजचे नऊशे ग्रॅमचे तंबू त्याच विचाराची पतवंडं. फक्त वाटेत एक गोष्ट गळून पडली. नेसमक हलकं नेत होता तो कणखर होता म्हणून नव्हे, अशक्त होता म्हणून. हलकेपणामुळे एक गरीब, आजारी, साठीचा माणूस जंगलात जाऊ शकला. आज तोच हलकेपणा कित्येकदा मर्दुमकीचा पुरावा म्हणून मिरवला जातो, आणि मोठा तंबू नेणाऱ्याला 'ऐषारामी' म्हटलं जातं.

लॅब्राडोरमधले तंबू

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅम्पिंगचं सामान हा मोठा धंदा झाला. आज आपण कपड्यांचा ब्रँड म्हणून ओळखतो त्या ॲबरक्रॉम्बी अँड फिचची सुरुवात १८९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड ॲबरक्रॉम्बीने केली ती जंगलात जाणाऱ्यांना सामान पुरवण्यासाठी. त्या काळचं हलकं कापड म्हणजे 'बलून सिल्क'. नावात रेशीम, प्रत्यक्षात अतिशय घट्ट विणलेलं सुती कापड.

१९०३ च्या जुलैमध्ये लिओनिडास हबर्ड हा तरुण पत्रकार, त्याचा मित्र डिलन वॉलेस आणि जेम्स बेकडचा क्री-स्कॉटिश वाटाड्या जॉर्ज एल्सन असे तिघं एका कनूतून लॅब्राडोरच्या आतल्या, नकाशावर धड नसलेल्या भागात निघाले. सुरुवातीलाच नदी चुकली. नास्कॉपीऐवजी ते सुझन या छोट्या, दगडधोंड्यांच्या ओढ्यात शिरले. सप्टेंबरमध्ये एका मोठ्या तळ्यावर वाऱ्याने त्यांना कित्येक दिवस अडकवून ठेवलं. त्या तळ्याचं नावच त्यांनी 'विंडबाउंड लेक' ठेवलं. शिधा संपत आला, थंडी आली, ते मागे फिरले. १८ ऑक्टोबरला हबर्डला चालवेना. त्याला तंबूत ठेवून दोघं मदत आणि पीठ शोधायला निघाले. पीठ सापडलं. वॉलेस थोडं पीठ घेऊन परतला, पण बर्फाच्या वादळात त्याला तंबू दिसलाच नाही. हबर्डची डायरीतली शेवटची नोंद १८ ऑक्टोबरची आहे. फासेपारधी पोचले तेव्हा तो तंबूत मरून पडलेला होता.

दोन वर्षांनी, १९०५ मध्ये, त्याची बायको मीना हबर्ड त्याच प्रदेशात गेली. ती पेशाने नर्स होती. बरोबर पुन्हा जॉर्ज एल्सन, शिवाय जोसेफ आयसरहॉफ, जॉब चॅपीज आणि गिल्बर्ट ब्लेक. यातला गिल्बर्ट १९०३ मध्ये सुटकेसाठी गेलेल्यांपैकी एक. १९ फुटांच्या दोन कनू आणि बलून सिल्कचे दोन तंबू, त्यातला एक तिचा एकटीचा. तिने १९०८ साली लिहिलेल्या पुस्तकात सामानाची यादी आहे. त्यात पीठ ३९२ पौंड आहे, आणि तिच्या तंबूसाठी हवा भरायची गादी, पिसांची उशी आणि गरम पाण्याची पिशवीही आहे.

ही यादी वाचून मी थांबलो. गरम पाण्याची पिशवी! लॅब्राडोरच्या मोहिमेत! नेसमकने कपाळाला हात लावला असता. पण हिशेब बघा. ज्या बाईचा नवरा दोन वर्षांपूर्वी त्याच मुलखात उपाशी आणि गारठून मेला, तिने अन्न भरपूर घेतलं आणि झोपेची तजवीज केली. एका बाईने चार पुरुषांबरोबर दोन महिने रानात राहायचं, त्या काळात, म्हणजे वेगळा तंबू ही चैन नव्हती. त्याच्याशिवाय ती मोहीम झालीच नसती. जूनच्या अखेरीस निघालेली मीना सुमारे ५७६ मैल कापून ऑगस्टच्या अखेरीस उंगावा उपसागराजवळच्या जॉर्ज रिव्हर ठाण्यावर पोचली. तिच्याच सुमारास, वेगळी तुकडी घेऊन निघालेला वॉलेस पोचला ऑक्टोबरमध्ये. नास्कॉपी आणि जॉर्ज या नद्यांचा तिने केलेला नकाशा अमेरिकेच्या भूगोल संस्थेने मान्य केला.

तंबूमुळे ती जिंकली असं मी म्हणणार नाही. तिच्याबरोबरचे चौघं नदी जाणणारे होते, हे पहिलं कारण. पण आरामाचं सामान माणसाला हळू करतं, हे गृहीतक तिच्या प्रवासात टिकत नाही.

शेकोटीसमोरची ओसरी

प्रशस्त तंबूचा सगळ्यात प्रेमळ वकील म्हणजे बिल मेसन. १९२९ मध्ये विनिपेगला जन्मलेला हा कॅनेडियन चित्रपटकार. कनूवरच्या त्याच्या 'पाथ ऑफ द पॅडल' या फिल्म्स आणि 'वॉटरवॉकर' हा माहितीपट कनूवाल्यांमध्ये आजही बघितले जातात. मेसन वापरायचा तो 'कॅम्पफायर' तंबू. जुन्या 'बेकर' तंबूचा हा भाऊ. बेकर नाव पडलं ते शेकोटीसमोर ठेवून पाव भाजायच्या पत्र्याच्या उघड्या भट्टीवरून, कारण तंबूही तसाच दिसतो. पुढची बाजू पूर्ण उघडी, छप्पर मागे उतरत गेलेलं, पुढे ओसरीसारखं कापड. समोर शेकोटी पेटवली की उष्णता उतरत्या छपरावर आपटून झोपलेल्याच्या अंगावर येते. पाऊस पडत असतानाही कोरड्यात बसून आग आणि तळं दोन्ही बघता येतं.

१९८८ मध्ये, म्हणजे मेसन गेला त्याच वर्षी आलेल्या 'साँग ऑफ द पॅडल' या पुस्तकात या तंबूला मानाचं पान आहे. सुती कापड, त्यामुळे जड. भिजलं की आणखी जड. पण कनू कॅम्पिंगमध्ये पावसाने किंवा वाऱ्याने एका जागी अडकून पडणं हा प्रवासाचाच भाग असतो. अशा दिवशी तंबू ही नुसती झोपायची पिशवी असेल तर माणूस चिडतो, आणि चिडलेला माणूस लाटा असतानाही निघायचा हट्ट धरतो. बसायला जागा असेल तर थांबायचा धीर येतो. माझ्या मते प्रशस्त तंबूच्या बाजूचा हा सगळ्यात गंभीर मुद्दा आहे.

नायलॉन, ग्रॅनाइट आणि नियम

मग आज सगळे मेसनसारखा तंबू का नेत नाहीत? एक कारण कापडाचं. ड्युपाँ कंपनीत वॉलेस कॅरोथर्सच्या गटाने १९३५ मध्ये नायलॉन तयार केलं. दुसऱ्या महायुद्धात त्याचे पॅराशूट झाले आणि पुढे तंबू. दुसरं कारण नियमांचं, आणि ते मला जास्त रंजक वाटतं. जुने मोठे तंबू अनिशिनाबेंच्याच युक्तीवर चालत: कापड वाहा, खांब जंगलात तोडा. थोडी माणसं होती तोवर ठीक. गर्दी झाली तशी मुक्कामाच्या जागा बोडक्या व्हायला लागल्या. बाउंड्री वॉटर्समध्ये आज जिवंत झाड तोडायला मनाई आहे, मुक्कामाच्या जागा ठरलेल्या आहेत आणि शेगडीची जागाही. तंबू आगीसमोर हवा तसा लावता येत नाही.

शिवाय जमीन. हा सगळा भाग जुन्या ग्रॅनाइटचा. वर बोटभर माती, खाली कातळ. मेख ठोकायला गेलात तर वाकते. म्हणून १९७० च्या दशकात युरेका कंपनीचा 'टिंबरलाइन' आला तेव्हा तो स्काउट पथकांपासून कनू भाड्याने देणाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी उचलला. ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा स्वतःचा सांगाडा, मेखांशिवायही उभा राहणारा.

तिसरा बदल कनूत झाला. युद्धानंतर विमानं बनवणाऱ्या ग्रुमन कंपनीने ॲल्युमिनियमच्या कनू काढल्या. १७ फुटी कनू साधारण ३३ किलोंची. १९६५ मध्ये स्टेफनी क्वोलेक या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी लावलेल्या शोधातून केवलार आलं, आणि त्याच लांबीची कनू २० किलोंच्या आसपास आली. म्हणजे पोर्टेजवर डोक्यावरचे तेरा किलो कमी. तंबूत दोन किलो वाढवायला आता कुणाची हरकत असावी?

मग केवढा घ्यावा?

डोंगर चढणारा वजन दिवसभर वाहतो. कनूवाल्याचं वजन पाणी वाहतं, तो ते फक्त पोर्टेजवर उचलतो. पण एक गणित लक्षात ठेवा. सगळं सामान एका खेपेत जात नसेल तर एक किलोमीटरच्या पोर्टेजवर तुम्ही तीन किलोमीटर चालता: सामान घेऊन, रिकामे परत, पुन्हा सामान घेऊन. तंबूच्या दोन जादा किलोंमुळे दुसरी खेप पडणार असेल तर ते महाग पडतात. दुसरी खेप तशीही होणारच असेल, जशी आमची होणार आहे, तर ते जवळजवळ फुकट आहेत.

जागा मोजताना माणसांचा आकडा विसरा आणि फूटपट्टी घ्या. साधी गादी २० इंच रुंद असते, ऐसपैस असेल तर २५. चार माणसांच्या तंबूची रुंदी सात फूट धरली तर माणशी २१ इंच येतात. तिथे तिघं झोपले तर २८. म्हणून माणसं असतील त्याहून एक-दोन जास्त आकड्याचा तंबू घ्यायचा.

उंचीतही फसगत असते. लिहिलेली उंची मधल्या एका बिंदूची. तेवढाच तळ आणि तेवढीच उंची असलेल्या पिरॅमिडचं आकारमान खोक्याच्या एक तृतीयांश असतं, हे शाळेत शिकलोय. त्यामुळे भिंती किती सरळ उठतात ते बघा. पण फार उंच, सरळ भिंतींचा तंबू वाऱ्यात शिडासारखा होतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. ४ जुलै १९९९ ला याच जंगलात आलेल्या वादळाने कोट्यवधी झाडं आडवी केली आणि अनेक जण जखमी झाले. तंबू कुठलाही असो, लावण्याआधी मान वर करून वाळलेलं झाड डोक्यावर नाही ना ते बघायचं आणि तणावे पक्के बांधायचे. मेख शिरत नसेल तर मोठ्या दगडाला.

नायलॉन भिजलं की सैल पडतं, पॉलिस्टर कमी. आतला पॉलियुरेथेनचा थर दमट जागी ठेवला की काही वर्षांत चिकट होतो आणि वास मारतो, म्हणून घरी आल्यावर वाळवूनच ठेवायचा. डासांची जाळी बारीक हवी. आणि बाहेर पावसात बसायला वेगळी ताडपत्री हवीच.

तीन महिने एक्सेल शीट भरून माझ्या लक्षात आलं, की आमच्यासाठी निर्णायक रकाना कुठल्याच दुकानाच्या पानावर नाही: दाराची उंची. बाबांना रांगत आत जाता येणार नाही. वाकून, छोट्या घडीच्या खुर्चीवर बसून, पाय आत घेता आले पाहिजेत. रात्री दोनदा उठताना आईला त्यांनी ओलांडून जायला नको, म्हणजे दोन दारं हवीत. या दोन अटी टाकल्यावर चाळीस तंबूंतले पाच उरले. त्यातला चार माणसांचा, साडेतीन किलोंचा, स्वतः उभा राहणारा मी निवडला.

तुम्हीही निवडाल तेव्हा दुकानदाराला तंबू उभा करायला सांगा. तुमच्याबरोबर येणाऱ्यांपैकी ज्याला हालचाल सगळ्यात अवघड जाते त्याला आत पाठवा, बसू द्या, बाहेर येऊ द्या. त्याला जमलं तर मग वजनाचा आकडा विचारा.